वैद्याच्या वाटेने हैदराबाद

आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यासाठी किंवा एखाद्या वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावचे स्नेही हैदराबादला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दोन दिवस आहेत, काय काय पाहावे?" त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे : चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा, मोत्यांची खरेदी आणि बिर्याणी. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु पाहुणा वैद्यकीय व्यवसायातील असेल, तर ते अपुरे आहे, असे मला अलीकडे प्रकर्षाने वाटू लागले आहे. त्याला एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी इंदूरचे एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक माझ्याकडे उतरले होते. माझे शिक्षण जेथे झाले ते उस्मानिया रुग्णालय त्यांना दाखवावे, या हेतूने मी त्यांना तेथे घेऊन गेलो. आवारातील एका जुन्या चिंचेजवळ थांबून त्यांनी विचारले, "हे झाड कोणते? याच्याविषयी मी कोठेतरी वाचले आहे." विद्यार्थी आणि आंतरवासी म्हणून मी त्या आवारात कित्येक वर्षे काढली होती. त्या झाडाच्या सावलीत डबाही खाल्ला होता. पण त्याची कथा मला ठाऊक नव्हती. ती त्या दिवशी पाहुण्याने यजमानास सांगितली. त्या ओशाळेपणातून मी आपल्याच शहराचा अभ्यास पुन्हा सुरू केला. त्या अभ्यासातून तयार झालेली दोन दिवसांची ही वाट या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे. जे डॉक्टर नाहीत, त्यांनाही ती रुचेल अशी आशा आहे. कारण रोग आणि त्यावरील उपचार हा सर्वांच्याच घरचा विषय आहे.

पहिला दिवस, सकाळ : चारमिनार आणि दारुल शिफा

प्रारंभ चारमिनारपासूनच करावा, आणि तोही सकाळी लवकर, बाजार उघडण्यापूर्वी. मुहंमद कुली कुतुबशहा याने १५९१ मध्ये हे शहर वसवले आणि त्याच्या मध्यभागी ही वास्तू उभारली. आपल्या बखरींत ज्याला भागानगर म्हटले आहे, ते हेच शहर. चारमिनारची प्रत्येक बाजू सुमारे वीस मीटर लांबीची आहे. चार कमानी चार दिशांच्या रस्त्यांवर उघडतात आणि वरच्या मजल्यावर मशीद आहे. दर्शनी भागावरील घड्याळे मात्र मूळची नाहीत. ती १८८९ मध्ये बसवण्यात आली.

चारमिनार का बांधला, याविषयी परंपरेने चालत आलेली कथा अशी की, गावात मोठी रोगराई पसरली होती. ती शमावी म्हणून सुलतानाने प्रार्थना केली आणि ती शमल्यावर त्याच जागी ही वास्तू बांधली. इतिहासाच्या अभ्यासकांनी दुसऱ्या एका कारणाकडे लक्ष वेधले आहे. हिजरी सनाचे सहस्रावे वर्ष १५९१ मध्येच सुरू झाले आणि त्या सहस्रकाचे स्मारक म्हणून नव्या नगरीची व या वास्तूची योजना झाली असावी. यातील कोणते कारण खरे, हे ठरवणे माझे काम नव्हे. पण चारशे वर्षे लोकांनी आपल्या शहराच्या सर्वांत प्रिय वास्तूचा संबंध साथ ओसरण्याशी जोडून ठेवला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ज्यांनी रुग्णालयांत घालवली, त्यांना या कथेवर हसू येणार नाही.

चारमिनारच्या परिसरात अन्य प्रेक्षणीय स्थळेही आहेत. दक्षिणेस मक्का मशीद आहे. तिचे बांधकाम १६१७ मध्ये सुरू झाले आणि औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकल्यानंतर, १६९४ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्यांनी आरंभ केला त्या राजघराण्याचाच तोवर अस्त झाला होता. आवारात आसफजाही घराण्यातील अनेक निजामांच्या कबरी आहेत. पलीकडे लाखेच्या बांगड्यांचा लाड बाजार आहे आणि त्याहून थोडे पुढे चौमहल्ला राजवाडा. अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचे काम सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात, पाचव्या निजामाच्या काळात, ते पूर्णत्वास गेले. तेथील खिलवत दरबाराची झुंबरे अवश्य पाहावीत. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, हे ध्यानी ठेवावे.

चारमिनारकडे पाठ न फिरवता समोरच पाहावे. तेथे घुमटांची एक भारदस्त इमारत दिसेल. तो सातव्या निजामाच्या काळात उभारलेला सरकारी युनानी दवाखाना आहे. तेथे आजही रुग्ण येतात, नाडी दाखवतात, काढे घेऊन जातात. पर्यटकांचे हजारो कॅमेरे चारमिनारकडे रोखलेले असतात आणि त्यांच्या पाठीशी ही इमारत मुकाट्याने आपले काम करीत असते.

युनानी वैद्यकाची या शहरातील मुळे आणखी जुनी आहेत. चारमिनारहून मुसी नदीच्या दिशेने निघाले की दारुल शिफा नावाचा मोहल्ला लागतो. दारुल शिफा म्हणजे आरोग्यसदन. मुहंमद कुली कुतुबशहाने नगराच्या स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांत, १५९५ च्या सुमारास, येथे रुग्णालय बांधले. मध्ये विस्तीर्ण चौक आणि सभोवती दोन मजली खोल्या अशी त्याची रचना होती. तेथे रुग्णांना ठेवून घेत आणि हकिमीचे शिक्षणही देत. शिक्षण आणि शुश्रूषा एकाच छपराखाली असावी, ही कल्पना आपण आधुनिक मानतो. ती येथे सोळाव्या शतकात रुजली होती. आज वास्तूची पुष्कळ पडझड झालेली आहे. तेथे शिया समाजाचे एक श्रद्धास्थान आहे, त्यामुळे पायताणे काढून, शांतपणे जावे. ज्यांच्याजवळ वेळ थोडा आहे त्यांनी निदान त्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. नगर वसवताना मशीद आणि बाजार यांच्या बरोबरीने रुग्णालयाचा विचार करणारा राजा येथे होऊन गेला, याची तेवढ्याने खात्री पटते.

दुपार : मुसीचा काठ आणि चिंचेचे झाड

दारुल शिफाच्या जवळच सालारजंग वस्तुसंग्रहालय आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांचा हा संग्रह. त्यांच्या निधनानंतर, १९५१ मध्ये, पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले आणि १९६८ मध्ये सध्याच्या इमारतीत आले. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली अवगुंठित रिबेका पाहताना संगमरवरातून चेहऱ्यावरची झिरझिरीत ओढणी कशी साधली असेल, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ठोके वाजवणाऱ्या बाहुलीचे घड्याळ पाहण्यासाठी तासाच्या दहा मिनिटे आधी जागा धरावी. हे संग्रहालयही शुक्रवारी बंद असते.

तेथून निघून मुसीच्या पुलावर यावे. आज ही नदी पाहून कोणालाही तिची भीती वाटणार नाही; कीव मात्र येईल. पण २८ सप्टेंबर १९०८ रोजी हिनेच अर्धे शहर गिळले होते. पाणलोट क्षेत्रात अतोनात पाऊस झाला, दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले आणि ते सारे पाणी शहरावर आले. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेली. नदीकाठचे अफजलगंज रुग्णालयही वाहून गेले.

त्या रुग्णालयाच्या बागेत एक चिंच होती. पाणी चढू लागले तशी जवळची माणसे तिच्या फांद्यांवर चढली आणि सुमारे दीडशे जीव त्या झाडावर बसून वाचले. ती चिंच आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभी आहे. माझ्या इंदूरच्या स्नेह्यांनी बोट दाखवले होते ते हेच झाड. पुराच्या स्मृतिदिनी काही नागरिक तिच्याखाली जमतात. एरवी तिच्या सावलीत रुग्णांचे नातेवाईक भाकरी सोडून बसलेले असतात, आणि मला वाटते, झाडाचे मूळचे काम तेच आहे. रुग्णालयात ज्यांना खाट मिळत नाही, त्यांना ते आसरा देते.

त्या महापुराने हैदराबादचे भवितव्य बदलले. पुढच्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. नदीच्या वरच्या अंगास पाणी अडवणारी धरणे बांधावीत, भुयारी गटारांची योजना करावी, काठावर उद्याने व्हावीत, असे त्यांनी सुचवले. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. या दोन जलाशयांनी शहराला पुरापासून संरक्षण आणि पिण्यास स्वच्छ पाणी अशा दोन्ही गोष्टी दिल्या. सार्वजनिक आरोग्याचे काम किती वेळा स्थापत्य अभियंत्याच्या हातून होते, याचा हा धडा आम्हा डॉक्टरांनी विनम्रपणे गिरवावा असा आहे.

मुसीच्या दोन्ही काठांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ज्या भव्य इमारती उठल्या, त्यांतील उच्च न्यायालय आणि समोरचे उस्मानिया रुग्णालय यांचे आराखडे व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाचे. काचीगुडा रेल्वे स्थानकही त्याचेच. रुग्णालयाचे घुमट, कमानी आणि नक्षीदार छज्जे दूरून पाहिले तर एखादा राजवाडा वाटावा. उंच छत, जाड भिंती आणि आरपार वारा यांमुळे मे महिन्यातही त्या वॉर्डांत उकडत नसे, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

त्या वास्तूविषयी आज लिहिताना मन जड होते. जुलै २०२० मध्ये मुसळधार पावसाचे पाणी जुन्या इमारतीतील वॉर्डांत शिरले आणि त्यानंतर ती रिकामी करण्यात आली. रुग्णसेवा आवारातील इतर इमारतींत चालू राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. नवी, सुसज्ज इमारत हवी यात शंका नाही. जुन्या वास्तूच्या प्रेमापोटी गळक्या छताखाली रुग्ण ठेवा, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. परंतु रुग्ण हलवल्यावर वास्तूचे काय, हा प्रश्न उरतोच. जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या गरिबांनी उपचार घेतले, ती इमारत वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून जतन व्हावी, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच पाहुण्यांनी ती बाहेरून का होईना, पाहावी. पाहायला येणारी माणसे असली की वास्तू टिकते. विस्मरणात गेलेली वास्तू पाडताना कोणाला फार विचार करावा लागत नाही.

सायंकाळ : कोठी आणि क्लोरोफॉर्मचा वाद

नदी ओलांडून कोठीकडे यावे. मेट्रोचे एक स्थानक येथे उस्मानिया मेडिकल कॉलेज या नावानेच आहे. कोठी हे नाव ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीवरून पडले. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रासाद बांधला. त्याने हैदराबादच्या खैरुन्निसा बेगमशी विवाह केला होता, आणि त्या प्रेमकथेमुळे ही वास्तू विशेष गाजली. पुढे येथे स्त्रियांचे महाविद्यालय आले आणि आता स्त्रियांचे विद्यापीठ आहे. दर्शनी भागाचे उंच स्तंभ, पायऱ्यांजवळचे सिंह आणि जीर्णोद्धार झालेले दरबार दालन पाहण्यासारखे आहे. प्रवेशाची चौकशी आधी करून ठेवावी.

वैद्यकाच्या दृष्टीने या परिसराचे महत्त्व वेगळे आहे. १८४६ मध्ये हैदराबाद मेडिकल स्कूल सुरू झाले. आजच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे ते मूळ. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे त्याचे प्रमुख असताना त्या काळच्या वैद्यकविश्वाचे लक्ष या गावाकडे लागले. प्रश्न क्लोरोफॉर्मचा होता. भूल देताना काही रुग्ण अकस्मात दगावत. मृत्यू प्रथम श्वास थांबल्याने होतो की हृदय थांबल्याने? एडिंबरोच्या परंपरेत शिकलेल्या लॉरींचे ठाम मत होते की प्रथम श्वास थांबतो; म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष द्यावे. लंडनकडील अनेकांना हे मान्य नव्हते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्च उचलला आणि १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षांवर 'लॅन्सेट' नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामानेच पैसे देऊन दुसरे कमिशन नेमवले. १८८९ मध्ये 'लॅन्सेट'चे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आलेख काढले गेले, आणि ब्रंटन यांनीही आपले आधीचे मत बदलून लॉरींना दुजोरा दिला.

पण कथा येथे संपत नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या भुलीच्या अवस्थेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या जवनिकांचे अनियमित स्फुरण होऊन अकस्मात मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हृदयाकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला धोक्याचा होता. इतके प्रयोग, इतका पैसा, इतकी विद्वत्ता, आणि तरीही उत्तर अर्धवट! श्वासाकडे डोळ्यात तेल घालून पाहण्याची जी शिस्त लॉरींनी लावली ती मात्र वाया गेली नाही. आजचा भूलतज्ज्ञ श्वास आणि हृदय दोहोंवर नजर ठेवतो. आपल्या मतावर फार खात्री वाटू लागली की मी या कमिशनची आठवण करतो.

याच विद्यालयात १८८५ मध्ये दाखल झालेल्या विद्यार्थिनींत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी होती. लॉरींच्या हाताखाली ती भूल देण्यास शिकली. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. ही गोष्ट आपल्या संस्थेतील भगिनींनी तरी पाहुण्यांना अभिमानाने सांगावी.

कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा हा भाग हैदराबादी मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेही १९५६ मध्येच. तोवर मराठवाड्यातील ज्या मुलास डॉक्टर व्हावयाचे असे, त्याला हैदराबादचीच वाट धरावी लागे. माझे वडील त्यांपैकीच एक. ते नांदेडहून आले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह सर्व शिक्षण उर्दूतून होत असे. वडील घरी मराठी बोलत, रुग्णांशी तेलुगू व दखनी बोलत आणि शरीरशास्त्रातील संज्ञा मात्र अखेरपर्यंत उर्दूतून आठवत. नाडीला ते सहजपणे 'नब्ज' म्हणत. या गावाचे खरे स्वरूप कोणत्याही इमारतीपेक्षा त्यांच्या त्या बोलण्यात मला अधिक दिसत असे.

दुसरा दिवस, सकाळ : गोवळकोंडा आणि हकिमांच्या कबरी

गोवळकोंड्यास सकाळी किल्ला उघडताच जावे. बालाहिसारपर्यंत साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी आणि हृदयविकारासाठी गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या बेताने चढावे; पाण्याची बाटली व टोपी जवळ ठेवावी. इतरांना दिलेला सल्ला स्वतः न पाळणारे डॉक्टर मी या पायऱ्यांवर धापा टाकताना पाहिले आहेत; त्यांत मीही एकदा होतो.

प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारवर ऐकू येते. ही करामत सर्व मार्गदर्शक दाखवतातच. शत्रूची चाहूल वर पोचावी यासाठी साधलेली ही ध्वनीची योजना आहे. मातीच्या नळांतून आणि रहाटांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवण्याची व्यवस्था मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ती आवर्जून पाहावी. भद्राचलमच्या राममंदिरासाठी सरकारी वसुलीचे पैसे खर्च केल्याबद्दल ज्या कोठडीत कंचर्ल गोपण्णा, म्हणजे भक्त रामदास, यांना ठेवले होते, ती कोठडीही दाखवतात.

मराठी पाहुण्यास येथे एक आपलेपणाचा धागा सापडतो. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले छत्रपती शिवाजी महाराज भागानगरास आले आणि अबुल हसन कुतुबशहाशी त्यांची भेट व सख्य झाले. त्या दरबारात मादण्णा व आकण्णा हे बंधू कर्तेधर्ते होते आणि मराठ्यांचे वकील म्हणून प्रल्हाद निराजी यांनी काम केले होते. अवघ्या दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने हा किल्ला घेतला; तोही फितुरीने दरवाजा उघडला गेला तेव्हा.

त्या अखेरच्या रात्रीची एक हकीकत डॉक्टरांनी ऐकावी अशी आहे. अब्दुल रझाक लारी हा कुतुबशाही सरदार एकटा लढत राहिला आणि असंख्य जखमा होऊन पडला. त्याच्या निष्ठेने प्रभावित होऊन औरंगजेबाने त्याच्यासाठी शल्यवैद्य नेमले. त्यांत एक युरोपीय होता आणि एक हिंदू, असे खाफीखान लिहितो. तो मरणासन्न मनुष्य त्यांच्या उपचारांनी वाचला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात एवढ्या जखमा त्या दोघांनी कशा हाताळल्या असतील, हे जाणून घ्यावयास मला फार आवडले असते.

किल्ल्यापासून जवळच कुतुबशाही कबरींचे उद्यान आहे. आगाखान ट्रस्टने राज्य शासनाच्या सहकार्याने २०१३ पासून येथे जीर्णोद्धाराचे मोठे काम केले. चुन्याचा जुना गिलावा पुन्हा चढला, बुजलेल्या विहिरी जिवंत झाल्या आणि २०२४ मध्ये या कामाच्या पूर्ततेचा समारंभ झाला. पूर्वी जो भाग उदास वाटे, तेथे आता दोन तास कसे गेले ते कळत नाही. या घराण्यातील अखेरचा राजा अबुल हसन मात्र येथे नाही. तो दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

सुलतानांच्या प्रचंड घुमटांच्या सान्निध्यात दोन लहान, सारख्या दिसणाऱ्या कबरी आहेत. त्या निजामुद्दीन अहमद गिलानी आणि अब्दुल जब्बार गिलानी या अब्दुल्ला कुतुबशहाच्या दोन हकिमांच्या. ज्या आवारात प्रामुख्याने राजघराण्यातील माणसे चिरनिद्रा घेत आहेत, तेथे वैद्यांना जागा मिळाली. मी प्रत्येक डॉक्टर पाहुण्यास तेथे घेऊन जातो. रुग्णाच्या कृतज्ञतेचे याहून टिकाऊ प्रमाणपत्र मी पाहिलेले नाही.

दुपार : बेगमपेठ आणि एक डास

परतताना बेगमपेठला थांबावे. जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची, उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीतील एक लहानशी जुनी इमारत आहे. भव्यता शोधणाऱ्याची निराशा होईल. परंतु जगाच्या वैद्यकीय इतिहासात हैदराबादचे सर्वांत मोठे दान येथेच घडले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील रॉस सिकंदराबादला असताना हिवतापाच्या मागे लागले होते. डासांवाटे हा रोग पसरत असावा, हे पॅट्रिक मॅन्सन यांचे अनुमान त्यांना सिद्ध करावयाचे होते. दिवसेंदिवस ते डासांचे विच्छेदन करीत. पंख्याच्या वाऱ्याने डास उडून जातील म्हणून ऑगस्टच्या उकाड्यात पंखाही बंद ठेवीत. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजून गेले होते.

हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णास त्यांनी प्रत्येक डासामागे एक आणा देऊन डासांकडून चावून घेतले. त्यांतील ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भित्तिकेत २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना रंगद्रव्याचे कण असलेल्या पेशी दिसल्या. हिवतापाच्या जंतूंची डासाच्या शरीरात वाढ होते, याचा तो पहिला पुरावा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी डासातील सारे जीवनचक्र उलगडले आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातील हिवतापाचे चक्र इटलीत ग्रासी व सहकाऱ्यांनी पूर्ण केले. २० ऑगस्ट हा दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

रॉस यांचे नाव रस्त्यांना आणि संस्थांना मिळाले. शहरातील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयासही त्यांचेच नाव आहे, जरी जुनी माणसे त्याला क्वारंटाइनवरून 'कोरंटी दवाखाना' असेच म्हणतात. हुसेन खानाच्या नावाची मात्र एकही पाटी नाही. त्याची संमती आजच्या अर्थाने घेतली गेली होती का, हा प्रश्न विचारण्यास ती जागा योग्य आहे. तेथे जाण्यापूर्वी इमारत उघडी आहे का, याची चौकशी करावी.

जाता जाता

स्थळांबरोबर काही अनुभवही घ्यावेत. पत्थरगट्टीच्या दुकानांत मोती पाहावेत, घेण्याची घाई करू नये. रमजानचा महिना असेल तर हलीम चाखावी. शाकाहारी पाहुण्यांसाठी बगारा बैंगन आणि खुबानीचा मीठा आहेच. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट तर कोणालाच चुकलेले नाही. या बिस्किटाची एक गोड दंतकथा आहे : उस्मानिया रुग्णालयातील रुग्णांना पोटभरीचे व पचायला हलके काही मिळावे म्हणून ते प्रथम तयार झाले. कागदोपत्री पुरावा मागू नये. आजाऱ्यासाठी केलेला खाऊ साऱ्या गावाचा आवडता झाला, ही कल्पनाच पुरेशी आहे.

रेड हिल्सवरील निलोफर रुग्णालयावरून गाडी जाईल, तेव्हा पाहुण्यांना एवढे अवश्य सांगावे. तुर्की राजघराण्यातून सातव्या निजामाची सून होऊन आलेल्या राजकन्या निलोफर यांची लाडकी दासी बाळंतपणात दगावली. पुन्हा कोणा बाईवर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी स्त्रिया व बालकांसाठी हे रुग्णालय उभे राहिले.

दोन दिवसांत एवढेच होते. हुसेनसागर आणि पायगा घराण्याच्या कबरी पुढच्या खेपेसाठी ठेवाव्यात. मात्र वेळ फारच कमी असेल, एकच ठिकाण पाहणे शक्य असेल, तर मी काय सुचवीन, असे मला कोणी विचारले, तर चारमिनार किंवा गोवळकोंडा सांगणार नाही. मी म्हणेन, संध्याकाळी उस्मानियाच्या आवारात जा आणि त्या चिंचेपाशी थोडा वेळ थांबा. सोबत आपल्या मुलांना आणि तरुण सहकाऱ्यांनाही न्या आणि तिची कथा त्यांना सांगा. म्हणजे पुढे कधी एखादा पाहुणा तिच्याकडे बोट दाखवून विचारील, तेव्हा यजमानावर ओशाळण्याची वेळ येणार नाही.